चुकलेल्या मैफलींचे श्रोते

(भोपाळ येथील मराठी व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



गाण्याबद्दल बोलायला उभं राहिलेलं माणूस सहसा आपण काय काय ऐकलं ते सांगतं. अमुक बुवांचा मारवा, पहाटेपर्यंत रंगलेली बैठक, बाहेर पडलो तर रस्त्यावर दूधवाल्यांच्या सायकली सुरू झालेल्या, वगैरे. ही मिरवणूक आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे, काहींनी काढलेलीही आहे. मी आज बोलणार आहे ते न ऐकलेल्या गाण्याबद्दल. ज्या मैफलींना आपण नव्हतो आणि ज्यांच्याबद्दल आयुष्यभर हळहळत राहिलो, त्या मैफलींबद्दल. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी मोठे कानसेन होते. पण ‘तुम्ही ऐकायला हवं होतंत’ हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. त्यामुळे हा विषय त्यांना चालला असता, असं मी धरून चालले आहे.

हे वाक्य मात्र आम्ही बाकीच्यांकडून पोटभर ऐकलं. आमच्या लहानपणी घरी येणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्या पाहुण्याकडे एक तरी अशी मैफल असायची, की जिच्यापुढे आम्ही ऐकत होतो ते सगळं फिकं. त्यातली सर्वांत मोठी म्हणजे ‘संयुक्त मानापमान’. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी लावलेला प्रयोग. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. पुढच्या तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले आणि त्या रात्रीची पुनरावृत्ती कायमची अशक्य झाली. आता गंमत अशी, की त्या रात्री आपले वडील किंवा काका तिथे हजर होते असं सांगणारे इतके लोक मला भेटले आहेत, की सगळे खरं बोलत असतील तर तो प्रयोग थिएटरात न होता शिवाजी पार्कावर झाला असला पाहिजे. मी त्यांना खोटं ठरवत नाही. वडिलांकडून इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट मुलाला आपल्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटू लागते.

भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही घरांची तालीम घेतलेला हा माणूस, बालगंधर्वांचे गुरू, ‘स्वयंवर’च्या चालींचे कर्ते. त्यांच्या गळ्याची एकही तबकडी नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६पर्यंत हयात होते. तोवर ध्वनिमुद्रणाचं युग चांगलं चार दशकांचं होऊन गेलेलं होतं. त्यांचाही आवाज कुठे साठवलेला नाही. आज जगात असा एकही माणूस उरलेला नसेल, ज्याला भास्करबुवांचं गाणं आठवतं. तरी भास्करबुवांचं नाव निघालं की आपण कानाची पाळी पकडतो. ही आदराची सवय मला आवडते. पण त्यांची मैफल चुकली म्हणून आजच्या कुणी हळहळावं, हे मला थोडं नाटकी वाटतं. ज्या मैफलीच्या वेळी आपले आजोबा शाळेत होते ती मैफल आपली चुकलेली नाही, ती आपली नव्हतीच.

शिवाय मैफल ‘चुकली’ म्हणायचं तर तिचं दार आधी उघडं असावं लागतं. संस्थानांच्या दरबारांत, सावकारांच्या दिवाणखान्यांत बैठका होत. तिथे कुणी यायचं हे यजमान ठरवी. आमच्यासारख्या घरातल्या बायका फार तर माजघराच्या दारामागून ऐकत, तेही चहाची आधणं सांभाळत. आणि ज्या बायका दिवाणखान्यात उघड बसून गात, त्यांना पुन्हा माजघरात प्रवेश नसे. जातीपायी अंगणातही उभं राहू न दिलेल्या माणसांची तर गोष्टच वेगळी. या सगळ्यांच्या मैफली कुणी चुकलेल्या धरत नाही, कारण त्यांची कुणी मोजदादच केलेली नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १८९७च्या सुमारास सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर गाणं केलं, त्यावर पुष्कळांनी नाकं मुरडली असतील. पण गाणं ऐकायला आमंत्रण लागत नाही, पैसे पुरतात, ही केवढी मोकळीक होती! त्या तिकिटानंतरच सामान्य माणसाला ‘माझी मैफल हुकली’ असं म्हणण्याचा हक्क मिळाला.

दुसरा दरवाजा उघडला रेडिओनं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, नभोवाणीमंत्री झाले. चित्रपटगीतांवर त्यांनी वक्रदृष्टी केली म्हणून त्यांना आजही शिव्या बसतात, आणि त्या काही अगदीच अनाठायी नाहीत. पण १९५२च्या जुलैपासून शनिवारी रात्री साडेनऊला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो त्यांच्याच काळात. पुण्यामुंबईपासून लांब पडलेल्या मराठी घरांसाठी तो कार्यक्रम काय होता, हे त्याच घरांना माहीत. आमच्याकडे शनिवारी रात्रीचं जेवण लवकर आटपायचं. कढईचा आवाज नको म्हणून आई भाकऱ्या आधीच थापून ठेवायची.

आमचं घर नागपूरहून आलेलं. १ नोव्हेंबर १९५६ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली, विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला. नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींबरोबर इकडे आली. कुणी ग्वाल्हेरहून आलं, कुणी इंदूरहून, पुढे भेलच्या नोकरीनिमित्तानं आणखी कुणी आलं. या सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरची कहाणी अशीच असणार. या कहाणीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘तिकडे असतो तर ऐकायला मिळालं असतं.’ तिकडे म्हणजे पुण्याला सवाई गंधर्व, मुंबईला दादरमाटुंग्याच्या बैठका, गिरगावातल्या गणपतीतलं गाणं. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ला सुरू झाला. डिसेंबर आला की भोपाळातल्या मराठी घरांत त्याच्या नावानं उसासे सुरू होत. पुण्याच्या नातेवाइकांची पत्रं येत, नंतर फोन येऊ लागले, आणि त्यात भीमसेनजींनी शेवटच्या रात्री काय गायलं याचं वर्णन असे. उसासे टाकून आपण स्वेटर घालून झोपायला जात असू.

आता ज्या काळात हे उसासे चालले होते, त्या काळात इकडे काय चाललं होतं ते पाहू.

१३ फेब्रुवारी १९८२ला श्यामला टेकडीवर भारत भवन सुरू झालं. वास्तुकार चार्ल्स कोरिया. इमारत टेकडीवर उभी न राहता टेकडीत उतरत जाते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला काही दिसतच नाही, आणि पायऱ्या उतरून ‘बहिरंग’च्या उघड्या प्रेक्षागाराशी आलं की समोर एकदम मोठा तलाव. बरोबर आठ वर्षांपूर्वी, १३ फेब्रुवारी १९७४लाच, उस्ताद अमीर खाँसाहेब कलकत्त्यात मोटार अपघातात गेले होते. तारखांच्या योगायोगावर माझा विश्वास नाही, पण इंदूरचा हा सर्वांत मोठा गवई भारत भवन बघायला राहिला नाही, ही चुटपुट मात्र खरी आहे. त्यांचा अतिविलंबित झूमरा त्या ‘अंतरंग’ सभागृहात कसा वाटला असता, याची कल्पना करायला मला आवडतं.

बाकी जे होते ते आले. मल्लिकार्जुन मन्सूर आले, कुमार गंधर्व आले. १९८१ला भोपाळात ध्रुपद केंद्र निघालं आणि झिया फरीदुद्दीन डागर पुढची पंचवीसेक वर्षं इथे शिकवत राहिले. त्यांचे थोरले बंधू झिया मोहिउद्दीन रुद्रवीणा वाजवत. त्यांच्याकडूनही इथल्या मुलांना तालीम मिळाली. उस्ताद अब्दुल लतीफ खाँ सारंगीवाले तर भोपाळचेच. अशोक वाजपेयींनी मन्सूरांवर आणि कुमारजींवर हिंदीत कविता लिहिल्या. एका सनदी अधिकाऱ्याला जे ऐकू आलं, ते शेजारच्या वसाहतीत राहणाऱ्या आपल्या लोकांना ऐकू आलं नाही. का? त्याची कारणं साधी होती. भारत भवन म्हणजे हिंदीवाल्या बुद्धिवंतांची जागा, ही समजूत एक. गाणं संपून घरी यायला वाहन नाही, ही अडचण खरी. मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांची औषधं, दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी. पण यापेक्षा मोठं कारण माझ्या मते हे, की आपलं खरं गाणं पुण्यात होतं. जे इथे चाललं होतं ते आपण गाण्यात धरलंच नाही. दूरच्या मैफलीची हळहळ करायला खर्च येत नाही, जागरणही करावं लागत नाही. मनुष्य रसिकही ठरतो आणि घरीही झोपतो.

देवासची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

भोपाळहून सीहोर, आष्टा, सोनकच्छ करत देवासला जायचं. सुमारे दीडशे किलोमीटर. तिथे माताजींच्या टेकडीच्या पायथ्याशी एक माणूस १९४८च्या जानेवारीत येऊन राहिला, तो गेला १२ जानेवारी १९९२ला, तिथेच. त्याचं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजे आपले कुमारजी. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातलं सुळेभावी. मराठी माणसांना त्यांच्याबद्दल मी काय सांगावं! तरी एक गोष्ट आपण नीट लक्षात घेत नाही. कुमारजींचं शिक्षणच न ऐकलेल्या मैफलींवर झालं होतं. सात-आठ वर्षांचा हा मुलगा अब्दुल करीमखाँ, वझेबुवा अशा थोरांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गायचा. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत गवई जितका मावला, तितकाच या मुलाला मिळाला. पण तेवढा मात्र सगळाच्या सगळा मिळाला. १९३६च्या सुमारास मुंबईला जिना हॉलमध्ये त्याचं गाणं झालं, जाणकार थक्क झाले, आणि देवधर मास्तरांनी त्याला आपल्या शाळेत घेतलं. भीमसेनजींनाही घराबाहेर काढलं ते अब्दुल करीमखाँच्या झिंझोटीच्या तबकडीनंच. धारवाडकडच्या त्या पोरानं घर सोडून ग्वाल्हेर गाठलं. मैफल न मिळाल्याची रुखरुख एखाद्याला विनातिकीट गाडीत बसवू शकते, हे विसरू नये. आपली रुखरुख आपल्याला आष्ट्यापर्यंतही नेऊ शकली नाही.

मग क्षय झाला. १९४७ला भानुमती कंस यांच्याशी लग्न, पाठोपाठ आजार, हवापालटासाठी माळव्यात मुक्काम. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पाच-सहा वर्षं कुमार गंधर्व हा गवई गायलाच नाही. अशी कुठली मैफल झालीच नाही, की जी कुणाची चुकली असेल. आणि आज मागे वळून पाहिलं तर कुमारजींच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा काळ हाच. अंथरुणावर पडून ते खिडकीतून ऐकत होते. माळव्यातल्या बायका जात्यावर, लग्नात, पाणी भरताना जे गात, ते. त्या बायकांना काय ठाऊक, की आपला एक श्रोता खिडकीआड पडलेला आहे! एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेला हा श्रोता १९५३ला पुन्हा गाऊ लागला, तेव्हा त्याच्या गाण्यात ती खिडकी होती. लांबलचक पल्लेदार तान घेण्याइतका दम नव्हता. म्हणून तान तुटत, थबकत, झेप घेत आली. लोकधुनांतून नवे राग निघाले: मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, गांधीजींच्या शताब्दीसाठी गांधी मल्हार. १९६५ला ‘अनुपरागविलास’ आलं. गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत, कबीर-सूर-मीरेचं ‘त्रिवेणी’, बालगंधर्वांच्या पदांचा स्वतःला उमजलेला अर्थ, देवास-ग्वाल्हेरशी नाळ जुळलेल्या भा. रा. तांब्यांच्या गीतांची रजनी.

आणि या सगळ्याच्या समोर बसून काही मंडळी काय करत होती? हळहळत होती. ‘आजारपणाआधीचा कुमार तुम्ही ऐकायला हवा होता.’ जिना हॉलमधल्या पोराचा आवाज आठवून ते समोरच्या चाळिशीतल्या गवयाला नापास करत होते. ही काही एकट्या कुमारजींची कथा नाही. अल्लादियाखाँ तरुणपणी आमलेता नावाच्या छोट्या संस्थानात इतके गायले, की आवाज बसला, बराच काळ परतला नाही. परतला तो जाड, जड होऊन. त्या आवाजाला पेलेल अशी वक्र, गुंतागुंतीची तान त्यांनी घडवली आणि तिला आज आपण जयपूर-अत्रौली गायकी म्हणतो. केसरबाई, मोगूबाई, मन्सूर, किशोरीताई, सगळी त्याच झाडाची फळं. पहिला गोड आवाज ज्यांनी ऐकला होता, त्यांनी तेव्हा खात्रीनं मान हलवून म्हटलं असेल: संपलं. गेलेल्या मैफलीचा शोक करणारा कान समोरच्या मैफलीला बंद असतो. म्हणून चुकलेल्या मैफलींच्या श्रोत्यांत मी या मंडळींनाही धरते, जरी त्यांच्याकडे पहिल्या रांगेचं तिकीट होतं.

माझ्याकडे एक कॅसेट आहे. साठ मिनिटांची, हातोहात फिरून, प्रतीची प्रत होऊन आलेली. आवरणावर बॉलपेननं ‘कुमारजी, घरगुती’ एवढंच लिहिलंय. ‘बाजू ब’वर खाडाखोड. फीत सैल झाली की पेन्सिल घालून गुंडाळायची, ती कसरत नव्या मुलांना सांगूनही कळणार नाही. आधी तंबोरे जुळवणं, मग कुणाचं तरी खोकणं, एक लहान मूल पाणी मागतंय, त्याला कुणीतरी दटावतंय. मग विलंबित सुरू होतं. चांगलं दहा-बारा मिनिटं रंगतं, आणि नेमका अंतऱ्याच्या तोंडाशी खुर्ची सरकल्याचा आवाज, दोन पावलं, आणि एक पुरुषी आवाज हळूच, पण स्पष्ट म्हणतो, ‘चलतो, दार ओढून घ्या.’ दार वाजतं. कुमारजी अंतरा उचलतात. ज्या मैफलीसाठी आपण काय वाटेल ते दिलं असतं, तिच्यातून हा गृहस्थ उठून गेला! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्याचा संताप आला. आता वाटतं, त्यालाही गाडी पकडायची असेल. सोनकच्छची शेवटची बस असेल.

ध्वनिमुद्रणामुळे चुकलेल्या मैफलीची भरपाई होते का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. होते, बरीच होते. नाही म्हणणारे उगाच सोवळं पाळतात. केसरबाई केरकर मात्र तशा सोवळ्यातल्या होत्या. सुरुवातीच्या तबकड्या सोडल्या, तर पुढे त्यांनी ध्वनिमुद्रणाला जवळ येऊ दिलं नाही, रेडिओवर गायल्या नाहीत, समोरासमोर बसून ऐका म्हणायच्या. युरोपात सर्जिउ चेलिबिदाके नावाचा संगीतसंचालक असाच होता. तबकडीत संगीत नसतं, असं त्याचं मत. आता केसरबाईंचं नशीब पाहा. १९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेनं दोन व्हॉयेजर यानं सोडली, त्यांवर पृथ्वीवरच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी. तीत हिंदुस्थानातून एकच गाणं घेतलं, केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. १६ सप्टेंबरला त्या गेल्या. मैफलीला या, असा ज्यांचा आग्रह, त्यांचा आवाज सूर्यमालेच्या बाहेर गेला. आणि दादरच्या ज्या रसिकांना त्यांनी ध्वनिमुद्रण करू दिलं नाही, ते हात चोळत बसले.

अन्नपूर्णादेवींचं प्रकरण आणखी वेगळं. त्या मैहरच्या, म्हणजे आपल्याच राज्यातल्या. त्यांच्या वडिलांच्या, बाबा अलाउद्दीन खाँच्या नावानं भोपाळात संगीत अकादमी चालते. मुलगी सुरबहार वाजवायची, आणि ज्यांनी ऐकलं ते म्हणतात वडिलांची खरी वारस तीच. १९५०च्या दशकानंतर त्यांनी व्यासपीठ सोडलं ते सोडलंच, २०१८ला गेल्या. मुंबईच्या घरात बसून हरिप्रसाद चौरसियांपासून कितीतरी जणांना शिकवलं, पण लोकांसमोर वाजवलं नाही. त्यांचं वादन ऐकायला मिळालं नाही, म्हणून लोक अजून हळहळतात आणि त्या हळहळीत एक तक्रारीचा सूर असतो, जणू त्यांनी आपलं काही देणं बुडवलं. मला हा सूर पटत नाही. पुरुष गवयानं मौन धरलं की आपण त्याला साधना म्हणतो. बाईनं धरलं की तिच्या संसाराची चौकशी करतो. त्यांनी का वाजवलं नाही याच्या कथा मी मुद्दाम इथे सांगत नाही. त्यांचं वादन त्यांच्या मालकीचं होतं, एवढं पुरे आहे.

मराठीत या हळहळीतून एक चांगली गोष्ट मात्र निघाली. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, वामनराव देशपांडे, पु. ल., यांनी गाणं शब्दांत मांडायचा असा ध्यास घेतला, की बहुधा दुसऱ्या कुठल्या भारतीय भाषेत इतकं झालं नसेल. ‘माझा संगीत व्यासंग’ वाचताना टेंब्यांच्या बोटांखालची पेटी आपल्याला ऐकू येते, हे खरं. ‘घरंदाज गायकी’ १९६१ची; ती वाचून कित्येक जण मैफलीत बसायला शिकले. भोपाळातल्या आमच्या पिढीनं तर गाणं कानाआधी डोळ्यांनी ऐकलं. त्याचा एक तोटाही झाला. पुस्तकातली मैफल इतकी देखणी असते, तिथे माइक बिघडत नाही, तबलजी उशिरा येत नाही, पहिला अर्धा तास गवयाचा आवाज तापत नाही, की तिच्यापुढे रवींद्र भवनातली खरी मैफल नापास व्हायची. चार ओळी वाचून आलेले श्रोते मध्यंतरात चहा पिताना निर्णय देत: ‘बरं होतं, पण ते नाही.’ ‘ते’ म्हणजे काय, हे त्यांनी ऐकलेलं नसे, वाचलेलं असे.

आता शेवटचं. कुमारजींच्या मैफलीची छायाचित्रं आठवा. मध्ये ते, मान जरा वर, हात हवेत. दोन तंबोरे. एका तंबोऱ्यापाशी, जरा मागे, वसुंधराताई. जमशेदपूरला जन्मलेली ही मुलगी मुंबईला गाणं शिकायला आली. भानुमतीबाई १९६१ला गेल्यावर पुढच्या वर्षी कुमारजींशी लग्न होऊन देवासला आली. पुढची तीस वर्षं मैफली-मैफलीत मागून सूर भरत राहिली. कुमारजींनी एखादी जागा अर्धी सोडली, की ती पूर्ण करणारा आवाज त्यांचा. एका फुप्फुसाच्या त्या गाण्यात श्वासाच्या जागा पुष्कळ होत्या आणि त्या जागा रिकाम्या वाटत नसत, याचं निम्मं श्रेय मागे बसलेल्या या गळ्याचं आहे. माझ्या त्या कॅसेटमध्येही तो आहे. कुमारजी थांबतात, एक पातळ, सरळ, किंचितही न डगमगणारा षड्ज चालू राहतो, आणि मग ते पुन्हा येतात. मी ती कॅसेट कित्येक वर्षं ऐकत होते आणि तो आवाज मला तंबोऱ्याचाच भाग वाटत होता. मैफलींना प्रत्यक्ष गेलेल्या माझ्या मैत्रिणींना विचारलं, तर त्यांनाही साडीचा रंग आठवला, आवाज नाही.

वसुंधराताई स्वतः ग्वाल्हेरच्या तालमीच्या पक्क्या गायिका होत्या. कुमारजी गेल्यानंतर त्या गात राहिल्या, शिकवत राहिल्या, मुलीला, कलापिनीताईंना, आणि नातवाला तयार केलं. २००६ला पद्मश्री मिळाली. २९ जुलै २०१५ला देवासला, ‘भानुकुल’ या त्यांच्या घरी, त्या गेल्या. त्यांची बातमी आली त्या दिवशी आमच्या वसाहतीत पुष्कळांनी म्हटलं, एकदा ऐकायला हवं होतं. तेवीस वर्षं होती हातात. देवासचं अंतर या काळात काही वाढलेलं नव्हतं. उलट रस्ता चौपदरी झाला होता आणि दोन तासांच्या थोडं पुढेमागे पोहोचता येत होतं.